दयाच्या जागी दुसरी बाई काऊन नाही चालत?

रात्रीचे साडेआठ वाजले की आमची मोठी माय टीव्हीसमोरच्या खाटेवर पाय वर घेऊन बसते, आणि महिन्यातून एकदा तरी तिचा ठरलेला प्रश्न येतो. "काऊन रे बाबू, थे दया कई येते?" मी म्हणतो, मले नाही माहीत. मग ती पडद्यावरच्या जेठालालकडं पाहून हळहळते. "त्या बिचाऱ्याच्या घरात किती वर्सं झाले बायको नाई. दुसरी नाई भेटत काय याइले?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दर दोन-चार महिन्यांनी मोबाइलवर ‘दयाबेन परतणार’ अशी बातमी येते, चार दिवस फिरते आणि विरते. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही मालिका २८ जुलै २००८ ला सुरू झाली. चार हजारांच्या वर भाग झाले. दया करणारी दिशा वकानी २०१७ मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेली, ती नेहमीच्या कामावर परतलीच नाही. गोष्टीत दया अहमदाबादला माहेरी आहे. कोणत्या बाईचं माहेरपण एवढं चालतं, हा प्रश्न मोठी माय वेगळा विचारते.

आता गंमत बघा. या वर्षांत मालिकेतल्या गोकुळधाम सोसायटीत बाकीची किती माणसं बदलली. जेठालालच्या पोराचं, टप्पूचं काम तिसरा पोरगा करतो आहे. अंजली बदलली, सोढी बदलला, खुद्द तारक मेहताचं काम करणारा माणूस बदलला. लोकांनी दोन दिवस कुरकुर केली आणि पुढं बघायला लागले. मुंबईत नट्यांचा काही दुष्काळ नाही. मग या एकाच बाईपाशी गाडी अडते कुठं?

याचं उत्तर मला टीव्हीपेक्षा आमच्या गावच्या नाटकानं जास्त नीट समजावलं. पण आधी एक शब्द मोकळा करून घेऊ.

सिटकॉम म्हणजे काय?

सिटकॉम म्हणजे प्रसंगातून विनोद काढणारी मालिका. माणसं तीच, घर तेच, रोज नवी भानगड, आणि शेवटी सगळं पुन्हा जागच्या जागी. सासू-सुनेच्या मालिकेत कथा पुढं सरकते. लग्न होतं, कुणी मरतं, कुणाची स्मृती जाते. सिटकॉममधलं पात्र दिवसभर कुठंही चरून आलं तरी संध्याकाळी गायीसारखं आपल्या खुंट्यावर परत येतं. जेठालाल इतक्या वर्षांत शहाणा झाला नाही. तो शहाणा झाला तर मालिका बंद पडेल.

म्हणजे पुढं काय होणार हे बघणाऱ्याला बहुतेक ठाऊक असतं. तरी तो बसतो, कारण त्याला काय होणार यापेक्षा ‘ही आता कशी करते’ ते बघायचं असतं. प्रत्येक गावात पारावर एक असा माणूस असतो की त्यानं तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला लागतात. त्याचा किस्सा सगळ्यांनी वीसदा ऐकलेला असतो. लोक त्याच्या सवयींवर हसतात.

सिटकॉममधलं पात्र अशा सवयींचं बनलेलं असतं. त्या सवयी लेखक देतो का नटी देते, यावर सगळा वाद आहे.

पुस्तक माझ्या हातात होतं

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदियाचा धान पिकवणारा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली, धान घरात आलं की मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि नाटकांचा हंगाम लागतो. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, तिथं जाऊन गावोगावची मंडळं तारखा पक्क्या करतात. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि पहाट होईस्तोवर नाटक चालतं. या रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या लोकांना इकडं असं काही आहे हे पहिल्यांदा कळलं.

आमच्या गावचं मंडळ हौशी. पुरुषांची कामं गावातले लोक करतात, बायांच्या कामासाठी बाहेरून नट्या बोलावतो. मी प्रॉम्प्टर. म्हणजे विंगेत बसायचं, पुस्तकावर बॅटरी धरायची आणि कुणी अडकलं की हळूच वाक्य पुरवायचं. एकच नाटक आम्ही तीन हंगाम आजूबाजूच्या गावांत केलं. त्यात एक प्रसंग आहे. नवरा पिऊन झोकांड्या खात घरी येतो आणि बायकोला ऐकवतो की मी यंदा सरपंचकीला उभा राहणार. बायको परातीत कणीक मळते आहे. ती म्हणते, "उभे राहा नं. पयले सरळ त उभे राहा."

पहिल्या हंगामातली बाई बुटकी, आवाज बसका. तिनं नवऱ्याचं बोलणं ऐकलं आणि काहीच बोलली नाही. परातीतून हात काढला. एकेका बोटाची कणीक खरडून परातीत टाकली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मग दुसरा हात. तोवर नवरा उभ्या जागी डुलतो आहे. लोक हसायला लागले. ती उठली, त्याच्या खांद्याला धरून त्याला शेणानं सारवलेल्या भिंतीशी टेकवला, डोकं वाकडं करून लाकूड सरळ आहे का ते सुतार बघतो तसं बघितलं, आणि मग ते वाक्य म्हणाली. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. पुढच्या नटाला आपलं वाक्य म्हणायला जागा मिळेना.

दुसऱ्या हंगामात दुसरी बाई आली. उंच, देखणी, आवाज असा की माइक नसता तरी चाललं असतं. तिनं तेच वाक्य खणखणीत म्हटलं. मागच्या बाकड्यांवर दोघं-चौघं हसले. बस. मंडळाचे लोक नंतर म्हणाले, "तिनं वाक्य खाल्लं." नाही हो. पुस्तक माझ्या हातात होतं. शब्द न शब्द बरोबर होता.

लेखकानं त्या पानावर बोटांची कणीक लिहिलेली नाही, भिंत लिहिलेली नाही, सुतारासारखं बघणं लिहिलेलं नाही. कंसात फक्त ‘रागाने’ असं लिहिलं आहे, आणि पहिल्या बाईनं तर तेही पाळलं नव्हतं. ती रागावलीच नाही. तिला या माणसाची सवय होती.

दयाचा आवाज खोटा का आहे?

आता गोकुळधामला जाऊ. दया हे पात्र दिशा वकानीनं जन्माला घातलेलं नाही. गुजराती लेखक तारक मेहता यांनी ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात १९७१ पासून जे विनोदी सदर लिहिलं, त्यातून जेठालालचं कुटुंब आलं. म्हणजे मालिकेच्या कितीतरी आधीपासून दया कागदावर होतीच. पण कागदाला आवाज नसतो.

टीव्हीवरचा दयाचा आवाज आठवा. नाकातून येणारा, ताणलेला, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. "हे माँ, माताजी!" कागदावर हे तीन शब्द आहेत, वाचायला एक सेकंद लागत नाही. पडद्यावर ‘माँ’ लांबत जातो, त्याच्याबरोबर हात वर जातो, डोळे मोठे होतात आणि ‘माताजी’ धपकन खाली पडतं. दिशा वकानीची एखादी मुलाखत ऐकली तर दचकायला होतं, कारण बाई साध्या आवाजात बोलते. तिचा हा आवाज घडवलेला आहे. ती गुजराती नाटकांतून आलेली. वडील भीम वकानी रंगभूमीवरचे. सख्खा भाऊ मयूर मालिकेत तिच्याच भावाचं, सुंदरचं काम करतो. हे सारं घर आवाजाशी खेळणारं.

पण हा आवाज ‘लोक हसतील’ एवढ्यापुरता नाही. दयाचं काम काय? नवऱ्याला रोज अडचणीत टाकणं. जे बोलायचं नाही ते नेमकं बापूजींसमोर, म्हणजे सासऱ्यासमोर बोलून जायचं, जेठालालनं लपवलेलं उघडं पाडायचं. हीच वाक्यं कुणी साध्या, समजूतदार बाईच्या आवाजात म्हणून बघा. दोन दिवसांत ती टोमणे मारणारी, खोडसाळ वाटू लागेल. चौथ्या दिवशी लोक म्हणतील, नवऱ्याला किती छळते. त्या ताणलेल्या सुरानं ही अडचण मिटवली. तो ऐकला की बघणाऱ्याची खात्री पटते की या बाईच्या पोटात काही नाही, हिला खरंच कळलेलं नाही. तिकडं जेठालाल सदा घाईत, चिडका, शब्द तोडून बोलणारा. इकडं ही प्रत्येक शब्द रबरासारखा ताणणारी. त्याची घाई आणि हिचा निवांतपणा एकमेकांवर घासले की हसू फुटतं.

घडवलेल्या आवाजानं लेखकाची एक अडचण सोडवली, हे लक्षात ठेवा. चांगल्या नटीची लकब बहुतेक वेळा अशीच कुठल्या तरी अडचणीवर बसवलेली असते. बाकी लकबी आपण मिमिक्रीवाल्यांकडं पाहतोच.

एकाच आईच्या दोन लेकी

याहून सुंदर उदाहरण दुसरं आहे. २००२ मध्ये ‘खिचडी’ आली, २००४ मध्ये ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’. दोन्हींच्या लेखनामागं आतिश कापडिया. पहिलीत हंसा सुप्रिया पाठक यांनी केली, दुसरीत माया साराभाई रत्ना पाठक शाह यांनी. या दोघी सख्ख्या बहिणी, ज्येष्ठ अभिनेत्री दीना पाठक यांच्या मुली. म्हणजे लेखक एक, घर एक, नाटकाचं बाळकडू एक. आणि दोघीही हळू बोलतात!

हंसा आळशी. तिला इंग्रजी शब्दाचा अर्थ माहीत नसतो, मग ती नवऱ्याला, प्रफुलला विचारते आणि तो काहीतरी भलतंच सांगतो. तिचा हळूपणा रिकामा आहे. दुपारी जेवून ओसरीवर पडलेल्या माणसाला हाक मारावी आणि त्यानं ‘हं’ म्हणायलाही वेळ घ्यावा, तसा. ती थांबते तेव्हा आत काहीच चाललेलं नसतं, आणि सुप्रिया पाठक ते ‘काहीच नाही’ चेहऱ्यावर दाखवतात. करून बघा आरशासमोर. आपला चेहरा लगेच विचार करायला लागतो.

मायाचा हळूपणा उलटा. मोठ्या घरची, दक्षिण मुंबईची बाई, सून मोनिशा साध्या घरातली. माया ‘बेटा’ म्हणून सुरुवात करते आणि वाक्याच्या शेवटी सुनेची सालटी काढलेली असतात. ‘मिडल क्लास’ हे दोन शब्द ती एखाद्या रोगाचं नाव घ्यावं तसं, आवाज खाली आणून म्हणते. इथंही अडचण दयासारखीच आहे: सुनेचा रोज अपमान करणारी सासू लोकांना आवडायची कशी? रत्ना पाठक शाह यांनी आवाज एकदाही चढवला नाही. त्या अपमान करतात तो काळजीच्या सुरात. पोरीला ताप आलाय, आता हिचं कसं होणार, अशा. म्हणून माया खाष्ट वाटत नाही, आणि मोनिशाही बिचारी वाटत नाही. पहिल्या पर्वाचे सत्तरच्या आसपासच भाग झाले आणि तेव्हा मालिकेला प्रेक्षकही फार नव्हते. तरी आज कुणी उगाच मिजास दाखवली की ‘माया साराभाई’ म्हणतात.

अजून एक आठवण, थोडक्यात. १९९५ च्या ‘हम पाँच’ मध्ये अशोक सराफच्या पात्राच्या पहिल्या, वारलेल्या बायकोचं काम प्रिया तेंडुलकर यांनी केलं. ती भिंतीवरच्या तसबिरीतून बोलायची. हात नाहीत, चालणं नाही, नुसता चौकटीतला चेहरा. नटीकडून जवळजवळ सगळी हत्यारं काढून घेतली तरी नजर आणि बोलण्याचा ठेका एवढ्यावर काम निभतं, हे आम्ही तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर पाहिलं, पण काय पाहतो आहोत ते कळलं नव्हतं.

थांबायचं कुठं आणि किती?

नाटकवाले ज्याला टायमिंग म्हणतात ते म्हणजे थांबणं. आमच्या मंडपात ते नटाला आपोआप शिकायला मिळतं. हशा लाटेसारखा येतो, वर चढतो, उतरतो. तो वर असताना पुढचं वाक्य टाकलं तर कुणाला ऐकू येत नाही. पार विरल्यावर टाकलं तर मंडप थंड झालेला असतो. उतरायला लागला की टाकायचं. कणीक खरडणाऱ्या बाईला हे कुणी शिकवलं नव्हतं; शेकडो रात्रींनी शिकवलं.

अमेरिकेत १९५१ मध्ये ‘आय लव्ह लूसी’ सुरू झाली, तेव्हा ल्युसिल बॉल आणि तिचा नवरा देसी आर्नाझ यांनी हाच धडा टीव्हीत आणला. समोर खरे प्रेक्षक बसवले आणि तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी चित्रण केलं, म्हणजे नटीला हशा ऐकू यावा आणि तिनं तसं थांबावं. त्यातला १९५२ चा एक भाग अजून दाखवतात. लूसी आणि तिची मैत्रीण चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागतात. पट्ट्यावरून चॉकलेटं येतात, ती कागदात गुंडाळायची. पट्टा वेग घेतो. गुंडाळणं जमेना तशी दोघी चॉकलेटं तोंडात कोंबतात, टोपीत भरतात, पोलक्यात टाकतात. भाषा कळायची गरज नाही. मोठ्या मायला मी मोबाइलवर दाखवला, ती डोळे पुसत म्हणाली, "रोवणीच्या वक्ती मुकादम असाच करते."

आपल्याकडच्या बहुतेक मालिकांत समोर प्रेक्षक नसतात. हशाचा आवाज नंतर चिकटवतात, नाहीतर चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा झपकन नेऊन ‘ढिंग’ वाजवतात. म्हणजे नटीला न ऐकू येणाऱ्या हशासाठी थांबावं लागतं. अंदाजानं. नाटकातून आलेल्या बायांना तो अंदाज कानात असतो. दिशा वकानी काय आणि पाठक बहिणी काय, तिघीही रंगभूमीवरून आलेल्या, हा योगायोग मला वाटत नाही.

लूसीची आणखी एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण ती थेट दयाशी जुळते. मालिका ऐन भरात असताना ल्युसिल बॉलला दिवस गेले. तेव्हाच्या टीव्हीवर ‘गरोदर’ हा शब्दही उच्चारायची चोरी. तरी लेखकांनी ते पोट गोष्टीत घेतलं. १९ जानेवारी १९५३ ला लूसीला मुलगा होतो तो भाग दाखवला, आणि त्याच दिवशी ल्युसिल बॉलनं खरोखर मुलाला जन्म दिला. तिकडं बाळंतपण मालिकेच्या आत आलं. आपल्याकडं चौसष्ट वर्षांनी ते बाहेर राहिलं, आणि रोजच्या भागांचा रहाट कुणासाठी थांबत नाही. कुणाची चूक होती यात मला पडायचं नाही. पण जी बाई म्हणजेच पात्र आहे, तिला रजा द्यायची तर पात्रालाही रजा द्यावी लागते, हे हिशेबात धरलेलं दिसत नाही.

मग लेखकानं काय फक्त कागद काळे केले?

हा आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. अपमान करणारी वाक्यं मुळात धारदार नसती तर रत्ना पाठक शाह कितीही गोड बोलल्या असत्या तरी काय उपयोग?

धानाचं उदाहरण घेऊ. मृगाचा पाऊस झाला की एका कोपऱ्यात पऱ्हे टाकतात, म्हणजे रोपं तयार करतात. तीन-चार आठवड्यांत रोप वीतभर झालं की उपटून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वावरात रोवणी करायची. पऱ्ह्यात रोप उगवतं, पण लोंबी तिथं धरत नाही. रोवल्यावर पहिले काही दिवस ते मरगळतं, पिवळं पडतं. मग मातीत मूळ धरतं आणि जोमानं उठतं. लेखकाकडं पऱ्हे असतात, नटी ही बांधी. कोणत्याही मालिकेचे सुरुवातीचे भाग काढून बघा. पात्र मरगळलेलं, नटी चाचपडत असलेली दिसेल.

मूळ धरल्यावर मात्र एक वेगळीच गोष्ट होते, आणि आक्षेप घेणारे नेमकी तीच विसरतात. लेखक नटीसाठी लिहायला लागतो. रोजच्या मालिकेत सेटवर ऐनवेळी पानं येतात. एवढ्या घाईत लेखकाला कळून चुकतं की इथं चार ओळींचा विनोद रचायची गरज नाही, ही नुसती ‘हे माँ’ म्हणाली की काम झालं. मग तो तिथं जागा सोडतो. गरबा आवडतो ना हिला, टाका गरबा. हजार भागांनंतर पात्रात लेखकाचं किती आणि नटीचं किती हे त्या दोघांनाही सांगता येणार नाही.

अंगूरी बदलली, तिचं काय?

‘भाबीजी घर पर हैं’ २०१५ मध्ये आली. कानपूरची अंगूरी भाभी केली मराठी घरातल्या शिल्पा शिंदेनं. २०१६ मध्ये ती बाहेर पडली, तिच्या जागी शुभांगी अत्रे आली आणि मालिका पुढं कित्येक वर्षं चालली. म्हणजे बदलता येतं की!

येतं. पण दोन गोष्टी बघा. एक, बदल सुरुवातीच्या वर्षभरात झाला. रोपानं मूळ धरलं होतं, पण धान अजून पोटरीत आलं नव्हतं. दयाची जागा रिकामी झाली ती नऊ वर्षांनी. पोटरीतलं धान उपटून शेजारच्या बांधीत लावायला आमच्याकडचा शेंबडा पोरगाही तयार होणार नाही.

दोन, अंगूरीची ओळख लिहिता येण्यासारखी आहे. ती इंग्रजी शब्द उलटेपालटे बोलते आणि कुणी दुरुस्त केलं की "सही पकडे हैं" म्हणते. हे नव्या बाईच्या हातात पानावर देता येतं. अत्रेबाईंनी ते घेतलं, पहिले काही महिने शिंदेबाईंच्या सावलीत काढले, आणि मग हळूहळू आपली अंगूरी केली.

हीच फुटपट्टी गोकुळधामला लावा. अंजलीचं काम काय? नवऱ्याला पथ्याचं खाऊ घालणं. कारल्याचा रस कुणाच्याही हातून कडूच लागतो, म्हणून अंजली बदलता आली. टप्पू खोड्या करतो, खोड्या लिहिता येतात. दयाचं जे आहे ते लिहून देता येत नाही. नवी बाई आणली तर तिच्यासमोर दोनच वाटा: तोच आवाज काढायचा, मग ती नक्कल, किंवा आवाज सोडायचा, मग मोठी माय म्हणणार, "थे दया नोहे." खुर्ची रिकामी ठेवणं त्यातल्या त्यात स्वस्त पडलं.

आणि आमच्या बोलीचं?

इथं जरा आडवाट घेतो, कारण विदर्भातल्या माणसाला हे बोलल्याशिवाय राहवत नाही. टीव्हीवर नागपूर-अमरावतीकडचं पात्र आणायचं झालं की लेखक दोन वाक्यांआड ‘बे’ आणि ‘काऊन’ पेरतो आणि झालं म्हणतो. बोली म्हणजे सवय, असा त्याचा समज. भारत गणेशपुरे ‘चला हवा येऊ द्या’ मध्ये वऱ्हाडी बोलायचे तेव्हा कानाला खटकायचं नाही. माणूस अमरावतीचा, कुठं हेल काढायचा आणि कुठं शब्द गिळायचा हे त्यांना शिकावं लागलं नाही.

उलटं उदाहरण राधिकाचं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ मध्ये सुरू झाली. तो काही सिटकॉम नव्हे, पण राधिकाच्या बोलण्यावर घराघरांत हसत होते. नागपूरकडची, पुढं मसाल्याचा धंदा उभा करणारी ही बाई केली नाशिकच्या अनिता दाते यांनी. आमच्याकडं तेव्हा यावरून वाद झडायचे, हा शब्द चुकला, तो हेल पुण्याचा आला. मोठ्या मायनं एकदा निकाल दिला. "बोलणं थोडंसं चुकते तिचं. पण कमरेवर हात ठेवून उभी राह्यते नं, थे आपल्यासारखी राह्यते." मला वाटतं, एवढ्या नेमक्या शब्दांत समीक्षकालाही सांगता आलं नसतं. बोली उसनी होती, उभं राहणं कमावलेलं होतं.

रोज तेच करायचं, यात कला कसली?

एकदा आवाज सापडला की पुढं नुसता रतीब, असं पुष्कळांना वाटतं. रतीब घालणाऱ्यालाच विचारा. तेच "हे माँ" दोन हजारदा म्हणायचं आणि दरवेळी पहिल्यांदाच धक्का बसल्यासारखं म्हणायचं. जरा कंटाळा शिरला की पडद्यावर लगेच दिसतो. जुन्या मालिकांच्या शेवटच्या वर्षांत नट नुसते शब्द टाकताना दिसतात ते याचमुळं.

आणि याची किंमतही असते. लोक मग त्या बाईला दुसऱ्या कामात बघायला तयार नसतात. रत्ना पाठक शाह मायातून सुटल्या, कारण मालिका आटोपशीर होती आणि त्यांच्यापाशी आधीपासून नाटक-सिनेमाचं मोठं गाठोडं होतं. जी बाई नऊ वर्षं रोज रात्री एकाच आवाजात लोकांच्या घरात आली, तिचं तसं सोपं नाही.

आमच्या नाटकाचा तिसरा हंगाम सांगायचा राहिला. त्या वर्षी तिसरीच बाई आली, नागपूरहून, गाडी रस्त्यात बिघडल्यामुळं साडेदहाला पोचली. तालमीला वेळ नव्हताच. मेकअप करता करता तिनं मला बोलावलं. "भाऊ, या जागी मागची बाई काय करायची?" मी म्हटलं, मागची काही करायची नाही, तिच्या आधीची करायची, आणि सगळं करून दाखवलं: कणीक, बोटं, भिंत. तिनं नीट बघितलं, हसली आणि म्हणाली, "मग थे त मी नाही करत."

प्रसंग आला. नवऱ्यानं सरपंचकीला उभं राहायचं जाहीर केलं. बाईनं परातीतून मानही वर काढली नाही. कणकेचा एक गोळा तोडला, त्याच्या पायाशी जमिनीवर ठेवला आणि दुसरा गोळा चार हातांवर ठेवला. मग बोटानं त्याला खूण केली: इथून तिथवर चालून दाखव. तो निघाला, तिरका, थेट तबलजीच्या दिशेनं. मी पुस्तकावर बॅटरी धरून वाट बघत राहिलो. वाक्य बोलायची पाळी आली तेव्हा हशा अजून वर चढतच होता, आणि बाई थांबली होती.